परमुलखातल्या कळपाचा हक्क

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की धुळे-जळगावच्या शिवारात मेंढ्यांचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, दिसू लागतात. पऱ्हाटीवर उरलेला पाला, बांधावरचे गवत आणि बाभळीच्या शेंगा खाऊन कळप रात्री त्याच शेतात बसतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा रोख पैसे. हा मेंढपाळ, ठेलारी समाजाचा माणूस, कुठल्या गावचा, हे कुणी फारसे विचारत नाही. विचारले तरी ते ओळख काढण्यासाठी. दुसऱ्या दिवशी हाच कळप शिवार ओलांडून राखीव वनाच्या हद्दखुणेपलीकडे गेला, की भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ लागू होते. राखीव वनात परवानगीशिवाय गुरे चारणे हा गुन्हा आहे, आणि या कायद्याच्या व्याख्येनुसार हत्तीपासून शेळी-मेंढीपर्यंत सगळी जनावरे ‘गुरे’च ठरतात. एकट्या माणसाच्या मालकीच्या जमिनीत परगावच्या मेंढपाळाला बोलावून नेतात, आणि जी जमीन सगळ्यांची म्हणून सांगितली जाते तिथे त्याच्यावर गुन्हा नोंदला जातो.

हा प्रश्न केवळ वनखात्याशी भांडण्याचा असता तर सोपा होता. आता गावेही ‘बाहेरच्यांना बंदी’ म्हणू लागली आहेत, आणि त्यांची बाजू खोटी नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे रान राखले, त्यांना ते दुसऱ्याच्या कळपाने खुडून नेलेले कसे रुचेल? तरीही माझे म्हणणे असे आहे, की सार्वजनिक रानातून कुणाला वगळायचे हे त्याच्या रहिवासाच्या दाखल्यावरून ठरवणे अन्यायाचे आहे. त्या रानाचा भार कोण वाहतो, आणि येणारा माणूस कशासाठी येतो, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत. गाव, तालुका, जिल्हा, राज्य हे त्यानंतरचे.

याच प्रश्नावर अमेरिकेच्या पश्चिम भागात गेली कित्येक दशके कडाक्याचे वाद झाले आहेत. तिथे वाद गवताचा नाही, शिकारीचा आहे. मोंटाना, वायोमिंग यांसारख्या राज्यांत फार मोठ्या पट्ट्यावर केंद्र सरकारची मालकी आहे, म्हणजे ती जमीन साऱ्या देशाची. त्या जमिनीवर फिरणारे एल्क जातीचे हरीण मात्र राज्याच्या अखत्यारीत येते. त्यामुळे न्यू यॉर्कचा माणूस त्या रानात तंबू ठोकू शकतो, पण शिकार करायची तर त्याला स्थानिकाच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात आणि परवान्यासाठी सोडतीत नाव यावे लागते. वायोमिंगमध्ये तर केंद्राने राखलेल्या निबिड अरण्यात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला जायचे असेल, तर परराज्यातल्या शिकाऱ्याने सोबत परवानाधारक वाटाड्या किंवा स्थानिक माणूस घेतलाच पाहिजे, असा कायदा आहे. बाहेरचे म्हणतात, ही जमीन आमच्याही करातून सांभाळली जाते. स्थानिक म्हणतात, हिवाळ्यात एल्कचे कळप आमच्या कुरणात उतरतात, आमचे वाळले गवत खातात, कुंपणे मोडतात. तुम्ही वर्षातून आठवडाभर येता. दोघेही खरेच बोलतात.

त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे या बाबतीतले दोन निकाल मला फार मोलाचे वाटतात. पहिला १९७८ चा, मोंटानाचा. तिथे राज्यातल्या माणसाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळत असे. बाहेरच्याला अनेक प्राण्यांचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे, त्याची किंमत २२५ डॉलर होती. मिनेसोटातले काही शिकारी न्यायालयात गेले आणि हरले. न्यायालयाने सांगितले, की हौसेची शिकार हा काही देशाच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात समान वागणूक मिळालीच पाहिजे असा मूलभूत हक्क नव्हे. दुसरा निकाल त्याच्या तीस वर्षे आधीचा, १९४८ चा. दक्षिण कॅरोलिना राज्याने किनाऱ्यावर कोळंबी धरणाऱ्या स्थानिक बोटीला २५ डॉलर आणि परराज्यातल्या बोटीला २,५०० डॉलर शुल्क लावले होते. ते न्यायालयाने रद्द केले. कोळंबी धरणारे हौसेने समुद्रात उतरत नव्हते. ते त्यांचे पोट होते, आणि परका म्हणून कुणाच्या पोटावर पाय देता येणार नाही.

दोन्ही ठिकाणी बाहेरचा माणूस बाहेरचाच होता. निकाल बदलला तो त्याच्या येण्याच्या कारणामुळे. आपल्याकडे सार्वजनिक रानाचा विचार करताना हाच भेद पुसला गेला आहे, आणि खानदेशचा इतिहास सांगतो की तो उलट्या बाजूने पुसला गेला: हौशीला वाट मिळाली आणि पोटार्थ्याला अटकाव झाला.

१८२५ साली जेम्स आउट्रम हा तरुण ब्रिटिश अधिकारी खानदेशात आला. भिल्लांची पलटण उभारण्याचे काम त्याच्याकडे होते आणि धरणगाव हे त्याचे ठाणे. दहा वर्षांच्या मुक्कामात तो आणि त्याचे सोबती यांनी खानदेशात दीडशेहून जास्त वाघ मारले. त्याच्या शौर्याच्या कथा इंग्रजांनी कौतुकाने लिहून ठेवल्या. वाघाचा माग काढणारे, हाका घालणारे आणि जखमी वाघापुढे उभे राहणारे भिल्ल होते. नाव साहेबाचे झाले. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात, आणि १९८६ मध्ये तिथे जाहीर झालेल्या अभयारण्याच्या नावातही ‘गौताळा-औट्रमघाट’ असा तो टिकून आहे. पुढे जंगल राखीव होत गेले, तसा धनुष्यबाण घेऊन सशामागे जाणारा भिल्ल गुन्हेगार ठरला; बंदूक आणि परवाना असलेला पाहुणा मात्र डाकबंगल्यात उतरत राहिला. परक्याला रानात प्रवेश नव्हता असे कधीच नव्हते. कुठल्या परक्याला, एवढाच प्रश्न होता.

शिकारीपुरता हा अन्याय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी मोडला. आज हौसेची शिकार ना स्थानिकाला करता येते ना बाहेरच्याला. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक हक्कांच्या यादीतून शिकार स्पष्ट शब्दांत वगळली. आदिवासींच्या दृष्टीने यात काही गमावलेले आहे, हे मी नाकारत नाही; पण सर्वांना सारखी बंदी आहे आणि सातपुड्यात आता जे थोडे उरले आहे ते पाहता ती टिकली पाहिजे. अपवाद निघतो तो जीविताच्या रक्षणासाठी. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या खोऱ्यात एका बिबट्याने माणसे मारायला सुरुवात केली. बायका कापूस वेचायला शेतात जाईनात. शेवटी डिसेंबरात वनखात्याने हैदराबादहून बोलावलेले नेमबाज नवाब शफाअत अली खान यांनी वरखेडे परिसरात त्याला गोळी घातली. वन्यजीवप्रेमींनी अशा मोहिमांवर आक्षेप घेतले आहेत आणि त्यांतले काही विचार करण्याजोगे आहेत. पण हैदराबादचा माणूस जळगावच्या रानात बंदूक घेऊन का, असा प्रश्न त्या गावांना पडला नाही. काम काय आणि ते कुणाच्या सांगण्यावरून, एवढे त्यांनी पाहिले. माणसाला सहज सुचणारा हा निकष आपण गवताच्या बाबतीत का सोडून देतो, ते मला समजत नाही.

गवताची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण शहरात वाढलेल्या वाचकाला मेंढपाळाचे भटकणे म्हणजे बेशिस्त वाटते. धुळे जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचला तर त्या भटकण्यामागचा हिशेब दिसतो. साक्री तालुक्याचा पिंपळनेरकडचा भाग सह्याद्रीला टेकलेला. तिथे भात पिकतो. तिथून पूर्वेला धुळ्याकडे आणि शिंदखेड्याकडे सरकत गेले की पाऊस तुटत जातो आणि माळ उघडा पडतो. मेंढीला चिखल सोसत नाही, तिचे खूर सडतात. म्हणून पावसाळ्याचे महिने कोरड्या माळावर, आपल्या गावाजवळ काढायचे. दिवाळीच्या आसपास माळावरचे गवत संपले की निघायचे. काही वाडे तापीकाठाने जळगावकडे, काही घाट उतरून ठाणे-रायगडकडे. घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मूलही. बायका पुढे जाऊन मुक्कामाची जागा लावतात, पाणी पाहतात. मृगाआधी परत घर. जिथे जे गवत ज्या महिन्यात आहे तिथे त्या महिन्यात जायचे आणि संपायच्या आत तिथून निघायचे, ही शिस्त आहे. ती कागदावर नाही एवढेच.

या वाटेत खाजगी शेते लागतात तशी वनेही लागतात. पेरणीच्या आणि उभ्या पिकाच्या काळात शेतात पाय ठेवता येत नाही. बागायत वाढली, उन्हाळी पिके आली, केळीचे मळे वर्षभर हिरवे राहू लागले, तसा शेतातला मोकळा काळ आकसत गेला आणि वनातल्या गवतावरचे अवलंबन वाढले. नेमक्या त्याच काळात वनेही बंद होत गेली. याची सुरुवात जुनी आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर मुंबई इलाख्यात गावोगावची गायराने आणि डोंगर सरकारी जंगलात ओढले गेले. शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्याच काळात केली होती. फुल्यांचा शेतकरी निदान गावात होता. त्याची तक्रार मांडायला पाटील होता, पुढे मतपेटीही आली. वर्षातले आठ महिने चालणाऱ्याची तक्रार कुठल्या गावच्या दप्तरात लिहायची?

कायद्याने याचे उत्तर दिले आहे, हे अनेकांना ठाऊकही नसते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा हक्क आहे आणि ती चराई स्थायी असो की फिरती, दोन्हींचा उल्लेख आहे. भटक्या आणि पशुपालक समाजांना हंगामी पारंपरिक प्रवेशाचा हक्क तिथे स्पष्ट लिहिला आहे. म्हणजे रहिवासी नसलेल्या माणसाचाही सार्वजनिक रानावर हक्क असू शकतो, हे भारताच्या संसदेने २००६ मध्ये मान्य केले. नियमांनी त्यापुढे जाऊन सांगितले, की भटक्यांच्या दाव्यांची पडताळणी ते स्वतः किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशा वेळी करावी.

अडचण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे. ठेलारी अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, म्हणून ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात, आणि त्या व्याख्येत १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, मुख्यत्वे वनात राहणे आणि त्यावर अवलंबून असणे अपेक्षित आहे. हक्क द्यायचा फिरण्याबद्दल आणि पुरावा मागायचा राहण्याचा. या पेचातून वाट निघते: नियमांनी वडीलधाऱ्यांचे जबाब, जुनी गॅझेटियरे, पारंपरिक चराईची ठिकाणे हे पुरावे म्हणून मान्य केले आहेत. पण वाट काढायची तर कुणीतरी बसून ती काढावी लागते. राज्यात सामूहिक वनहक्कांचे जे काम झाले, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये हा हक्क मिळवून जी वाट दाखवली, ते सारे स्थायिक गावांचे आहे. ते थोरच आहे. त्या कामाच्या कडेने चालणारा कळप मात्र कुणाच्याच नकाशात आला नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी तितक्याच कळकळीने मांडतो, कारण तिच्यामागे कष्ट आहेत. साक्री तालुक्यातले बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे छोटे गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डोंगर उजाड झाला होता, विहिरी आटत होत्या. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी ठरवले की साडेचारशे हेक्टरांच्या आसपासचे हे वन आपण राखायचे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, तोडणाऱ्याला दंड, राखणीला माणूस. दंड गावातल्यालाही आणि बाहेरच्यालाही. शेजारच्या गावांशी कुरबुरी झाल्या नसत्या तरच नवल. आज तिथे दाट झाडी आहे, पाणी आहे, दरवर्षी वनभाज्यांचा महोत्सव भरतो, आणि २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. तीस वर्षे ज्यांनी स्वतःच्या शेळ्यांना बांधून ठेवले, त्यांच्या वनात पाचशे मेंढ्या घेऊन कुणी यावे आणि ‘जंगल सरकारचे, म्हणजे सगळ्यांचे’ म्हणावे, हे मला सहन होणार नाही. ज्याने झीज सोसली त्याचा शब्द पहिला. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नेही ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनातला प्रवेश नियंत्रित करण्याचा अधिकार दिला आहे, तो याच न्यायाने.

आणि बाहेरचा प्रत्येक जण ठेलारी नसतो. जळगावच्या रावेर तालुक्याला लागून मध्य प्रदेशचा बऱ्हाणपूर जिल्हा आहे. तिथे २०२२-२३ मध्ये बाहेरून आलेल्या टोळ्यांनी जंगलाचे मोठे पट्टे सपाट केले. त्यांना थांबवा म्हणून रस्त्यावर उतरले ते तिथलेच आदिवासी. वर्षानुवर्षे वनहक्कांसाठी झगडणारी त्यांचीच संघटना ‘आमचे जंगल वाचवा’ म्हणून शासनाच्या दारात बसली. यावल अभयारण्याच्या डोंगरांतही नव्या अतिक्रमणांचा प्रश्न असाच चिघळत आला आहे. झाड तोडून जमीन कायमची बळकावणारा आणि गवत चारून ऋतू बदलताच निघून जाणारा, या दोघांना ‘बाहेरचे’ या एकाच शब्दात कोंबणे ही मोठी चूक आहे. पहिल्याला २००५ ची मुदत कठोरपणे लावलीच पाहिजे. दुसऱ्यावर ती लावण्यात अर्थ नाही, कारण त्याला जमीन नकोच आहे.

काठेवाडी गुरांबद्दलही हेच सांगावे लागेल. गुजरातेतून उतरणारे गाईंचे मोठमोठे कळप खानदेशच्या वनांत शिरतात तेव्हा गावोगाव संताप उसळतो, आणि कळपाचा आकार पाहता तो समजण्यासारखा आहे. पण तिथेही आक्षेप संख्येवर आणि काळावर घ्यावा, भाषेवर नको. साक्रीच्या ठेलाऱ्याचे कळप रायगडात पोहोचतात तेव्हा तिथल्या माणसाला तोही तितकाच परका वाटतो. आपल्या माणसासाठी रायगडात जो न्याय आपण मागू, तोच यावलमध्ये दुसऱ्याला द्यावा लागेल.

‘स्थानिक’ म्हणजे कोण, हे दिसते तितके सरळ नाही. जळगाव शहरातला माणूस कागदोपत्री जिल्ह्याचा रहिवासी. सुटीच्या दिवशी गाडी काढून सातपुड्यातल्या पालला जातो, अभयारण्यात फिरतो, परत येतो. त्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, मध्य प्रदेशात राहणारा पावरा-बारेला आदिवासी कागदोपत्री परराज्यातला. त्याची लेक इकडच्या पाड्यात दिलेली, त्याचा देव इकडच्या शिखरावर, डिंक आणि मोहाची झाडे त्याच्या आजाला ठाऊक असलेली. सातपुड्याच्या कण्यावरून सरकारी सीमा गेली म्हणून या दोघांपैकी पहिला स्थानिक आणि दुसरा बाहेरचा ठरावा? दाखला पत्ता सांगतो. नाते सांगत नाही. नाते तपासायचे तर तीच दोन मापे पुन्हा हाताशी येतात: त्या रानाची झीज कोण सोसतो, आणि ते बंद झाले तर कुणाची चूल विझते.

या मापांनी मोजले तर एक परका फार ठळकपणे दिसतो, आणि त्याच्याबद्दल बोलताना आपला आवाज नेमका खाली येतो. साक्री तालुक्याच्या पठारांवर गेली वीसेक वर्षे पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्यासाठी वनजमीन वळती झाली. डोंगर कापून रस्ते गेले, खांब रोवले गेले. त्या जमिनी कसणाऱ्या आदिवासींनी सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेच्या झेंड्याखाली विरोध केला, मोर्चे काढले. स्वच्छ विजेची गरज मला मान्य आहे. दुष्काळी खानदेशाला तर हवामान बदलाचा धाक अधिकच आहे. पण प्रवेशाच्या न्यायाने पाहिले तर काय दिसते? दूरच्या शहरातल्या कंपनीला वन संवर्धन कायद्याखालची फाईल पुरी करून त्या रानात दशकानुदशके राहता येते. शेजारच्या तालुक्यातल्या मेंढपाळाला महिनाभराची चराई मागायला खिडकी नाही. एक परका फाईल घेऊन येतो म्हणून विकास, दुसरा कळप घेऊन येतो म्हणून अतिक्रमण. जमिनीवर कुणाची खूण कायमची उमटते, ते त्या पठारावर उभे राहून कुणालाही पाहता येईल.

वळत्या केलेल्या वनाची भरपाई म्हणून दुसरीकडे रोपवन करायचे, हा त्यातला पुढचा भाग. त्यासाठी जागा शोधताना नजर जाते ती उघड्या गवताळ माळावर, कारण तिथे झाडे नाहीत म्हणून ती जागा ‘पडीक’ दिसते. मग समतल चर खणले जातात, तारेचे कुंपण होते, आणि मेंढपाळाची आणखी एक जागा जाते. खरे तर खानदेशचा गवताळ माळ हा पडीक नसतो. लांडगा, काळवीट, माळावर अंडी घालणारे पक्षी यांचे ते घर आहे आणि ते चराईसोबतच हजारो वर्षे टिकलेले आहे. ठेलाऱ्याच्या कळपामागून लांडगा चालतो, अधूनमधून कोकरू उचलतो, आणि ठेलारी शिव्या देत का होईना, पण ते सोसतो. वनखात्यातले जाणते अधिकारीही आता गवताळ रानाला वेगळी वागणूक द्यायला हवी असे म्हणू लागले आहेत. कोवळे रोपवन मेंढ्यांनी चरू नये, हे बरोबर. म्हणून सगळेच रान कायमचे बंद, हे बरोबर नाही.

तर मग व्यवस्था कशी असावी? मला ती फार अवघड वाटत नाही. ग्रामसभेचा अधिकार अबाधित ठेवायचा, पण ‘कधीच नाही’ म्हणण्याचा तो अधिकार नसावा. कधी, किती आणि कुठे हे ठरवण्याचा असावा. बारीपाड्यासारख्या गावाने नव्याने फुटू लागलेला पट्टा पाच-सात वर्षे बंद ठेवला, तर तो सर्वांना बंद, गावच्या शेळीलाही. उरलेल्या भागात दिवाळीपूर्वी वाड्यांच्या प्रमुखांसह बैठक व्हावी, आणि त्या बैठकीत मुक्काम लावणाऱ्या बायकाही असाव्यात, कारण पाण्याच्या जागा त्यांना अधिक ठाऊक. कळपांची संख्या, येण्याची आणि जाण्याची तारीख, मोकळा पट्टा, पाणवठा हे लिहून ठेवावे. शुल्क घ्यावे, पण पावती देऊन, आणि ते ग्रामसभेच्या खात्यात जावे. आज अनेक ठिकाणी मेंढपाळ पैसे देतोच; फक्त त्याची पावती कुणी देत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी तो पुन्हा चोरच असतो. शुल्क कमी असावे. हौशी पर्यटकाकडून अभयारण्याच्या फाटकावर जास्त घ्यावे आणि मेंढपाळाकडून कमी, हे कुठल्याही न्यायाच्या चौकटीत बसते.

असे कुठे चालते का, असे कुणी विचारेल. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांना वनांतल्या चराईचे परवाने इंग्रजांच्या काळापासून आहेत. कुठल्या कुटुंबाचा कळप, किती जनावरे, कुठला डोंगर, याची नोंद होते. त्या व्यवस्थेतही दोष आहेत, पण तिने एक गोष्ट सिद्ध केली: फिरत्या माणसाची नोंद ठेवता येते. ज्या राज्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांचा, द्राक्षांच्या निर्यातीचा, केळीच्या प्रत्येक गाडीचा हिशेब ठेवता येतो, तिथे काही वाड्यांचा ठेवता येणार नाही असे मानायला मी तयार नाही.

बाहेरच्यांना एकदा दार उघडले की लोंढा येईल, ही भीती उरतेच. हंगामी हक्क हा परंपरेवर टिकलेला हक्क आहे. जो कळप पिढ्यान्पिढ्या त्या वाटेने आला, त्याचाच तो. कालपरवा व्यापारासाठी शेळ्या घेऊन ट्रकने उतरवणाऱ्याचा तो नव्हे. हा फरक वाटेवरच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना बरोबर कळतो. कुठला वाडा कुणाच्या आजाच्या काळापासून कुठल्या ओढ्यावर उतरतो, हे त्यांना तोंडपाठ असते, आणि नियमांनी अशा माणसांचा जबाब पुरावा म्हणून धरला आहे. एकच वन अनेक ग्रामसभा वापरत असतील तर त्यांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, असेही नियम सांगतात. तीच तरतूद वाड्यांच्या बाबतीत वापरायला कुणाची हरकत असावी?

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय वनहक्क समिती धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत आहे. ठेलाऱ्यांचे वाडे आषाढ-श्रावणात धुळे आणि साक्री तालुक्यांतल्या आपल्या माळावर घरी असतात. दिवाळीनंतर कागद घेऊन त्यांना शोधायला निघालेल्या कारकुनाला रिकामी घरे सापडतात आणि ‘दावेदार अनुपस्थित’ असा शेरा पडतो. म्हणून सुनावणीची तारीख श्रावणातली ठेवावी, ज्या गावांच्या वनांतून ही वाट जाते त्या गावांच्या समित्यांना त्याच दिवशी बोलवावे, बारीपाड्यालाही आणि सातपुड्याच्या पायथ्यालाही, आणि वाड्यांचे म्हणणे त्यांच्या समोर लिहून घ्यावे.